सतरा नंबरची चिठ्ठी

सतराबाईंना त्यांच्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आमच्या पत्त्यांच्या कारखान्यात तपासणीच्या लांब टेबलावर वीस बायका बसत आणि प्रत्येकीला एक नंबर होता. कापून, कोपरे गोल करून आलेला कॅट हातात घ्यायचा, पंख्यासारखा पसरायचा, बावन्न पानं पुरी आहेत का, एखादं दोनदा आलंय का, छपाई तिरकी आहे का हे बघायचं. मग डबीत ‘तपासले’ अशी बोटभर चिठ्ठी घालून तिच्यावर आपल्या नंबराचा शिक्का मारायचा. बाईंचा नंबर सतरा.

एखाद्या कॅटमध्ये पान कमी निघालं की गिऱ्हाईक चिठ्ठीसकट तक्रार पाठवी. ती चिठ्ठी फाटकाजवळच्या फळ्यावर आठवडाभर टाचलेली असे. दंड नव्हता की बोलणी नव्हती. नुसती चिठ्ठी, येता-जाता सगळ्यांनी बघायची. आणखी एक रीत होती. जिची चिठ्ठी, तिनेच तो कॅट सगळ्यांसमोर उघडायचा, मोजायचा, चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा शिक्का मारायचा. ते काम दुसरीने केलेलं चालत नसे.

एकतीस वर्षांत सतरा नंबरची चिठ्ठी फळ्यावर एकदाही लागली नाही. मी रवानगी विभागात असल्यामुळे रोज त्या फळ्यावरूनच आत जातो, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि विचारलं, “आणखी काही हवंय का, बाई?” बाई म्हणाल्या, “रद्दीतली पानं द्या एक खोकं.” सगळे हसले. साहेबांना वाटलं बाई गंमत करतायत. पण ते खोकं मीच त्यांच्या घरी पोचवलं, कारण आमची दारं एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी आहेत. दुसरा मजला, दोन-दोन खोल्या.

बाईंच्या खोक्यात काय नव्हतं? आठ बदाम छापलेली सत्ती. दोन्ही बाजूंनी एकाच दिशेला बघणारी राणी. एका डोळ्याचा राजा. कोपऱ्यात सहा आणि मध्ये पाचच किलवर असलेली छक्की. ही पानं एकतीस वर्षांत त्यांनीच पकडलेली होती. “ही माझी चोरटी मंडळी,” त्या म्हणायच्या.

बाईंचे यजमान लग्नानंतर चौथ्याच वर्षी गेले. मूलबाळ नाही. माझी पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा परगावी. पण आमचं बोलणं जिन्यात भेटलो तर तेवढंच. “पाणी आलं का?” “आलं.” झालं. सुट्टीच्या दुपारी मात्र भिंतीपलीकडून आवाज यायचा, टेबलावर पान ठेवल्याचा, मग थोड्या वेळाने दुसरं. एकटीने खेळायचा तो डाव. पानं गोळा करून पिसायचा आवाज आला की कळायचं, डाव सुटला नाही. दुपारभर डाव सुटत नसे आणि दुपारभर त्या पिसत असत.

मग मुंगी आली.

मुंगी म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या नर्सची मुलगी, आठ वर्षांची. जागच्या जागी उभी राहताना तिला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून मुंगी. तिच्या आईची ड्युटी बदलली आणि दुपारी चार ते सहा पोरीला बघायला कुणी उरलं नाही. शाळेत त्या वेळात खेळाचा वर्ग असे, पण तिथे सगळ्या विषयांत पास असलेल्यांनाच घेत. मुंगी गणितात नापास होती.

नर्सबाईंनी सतराबाईंच्या दारात उभं राहून हे सगळं एका दमात सांगितलं. “सहामाही परीक्षेपर्यंतच, मावशी. तोंडी पाढे पास झाली की घेतील तिला वर्गात. मग तुम्हाला त्रास नाही.”

“आणि नाही झाली तर?” बाईंनी विचारलं.

“मग काय, पुढची सहामाही येईपर्यंत आहेच तुमच्या डोक्यावर.”

बाई म्हणाल्या, “असू दे की.”

हे मी माझ्या दारातून ऐकलं. मुद्दाम नाही, कुलूप उघडत होतो.

माझी बरीच रजा शिल्लक होती आणि निवृत्तीआधी ती वापरली नाही तर बुडणार होती, म्हणून मी दर बुधवारी अर्धा दिवस घ्यायला लागलो होतो. घरी येऊन त्या अर्ध्या दिवसाचं काय करायचं हे मात्र मी ठरवलेलं नव्हतं. दुसऱ्याच बुधवारी दारावर थाप पडली. मुंगी उभी होती.

“काका, आजी म्हणतेय तिसरा हात पाहिजे. तुम्हाला पत्ते येतात?”

“छापलेले मोजता येतात.”

“मग या. हरायला पण कुणीतरी लागतं.”

टेबल खिडकीशी होतं. बाईंनी पानं पसरून ठेवली होती. मुंगीला पाढे पाठ होते, पण ओळीने. सात सक किती विचारलं की ती ‘सात एके सात’पासून गाडी सोडायची आणि ‘सात सक’ स्टेशन येईपर्यंत डोळे मिटून बसायची. मधेच कुणी बोललं की गाडी पुन्हा पहिल्यापासून. शाळेतल्या बाई तेवढं थांबत नसत.

“पाढा ओळीने येतो, पानं ओळीने येत नाहीत,” सतराबाई मला म्हणाल्या. “पिसली की झालं.”

पण पहिले आठ दिवस त्यांनी गुणाकार काढलाच नाही. आधी चोरटी मंडळी बाहेर आली. चांगल्या कॅटमध्ये पाच खोटी पानं मिसळायची आणि मुंगीने ती पकडायची. कोपऱ्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, मधल्या खुणा मोजायच्या. मुंगीने आठ बदामांची सत्ती पकडली तेव्हा ती खुर्चीवर उभी राहून ओरडली, “ही खोटं बोलते! आजी, हिच्या पोटात एक जास्त आहे!”

“शाब्बास. मला ती पकडायला तुझ्यापेक्षा जास्त वेळ लागला होता,” बाई म्हणाल्या. तसं काही नव्हतं हे मला ठाऊक होतं.

मग दोन पानांची बेरीज, मग दहाच्या जोड्या आणि मग गुणाकार. दोघांनी एकेक पान उलटायचं. ज्याला गुणाकार आधी सुचेल त्याची दोन्ही पानं. गुलाम अकरा, राणी बारा. राजा त्यांनी बाजूला काढला होता; तेराचा पाढा म्हणजे पोरीच्या नाकी नऊ यायचे. आणि हो, माझ्याही.

“काका, तुम्ही खरंच कॉमर्सला होता?”

“होतो. तिथे मशीन असतं हिशोबाला.”

“मग मशीन घेऊन बसा ना,” मुंगी म्हणाली आणि माझ्या समोरची पानं आपल्याकडे ओढली.

एकदा शाळेतून चिठ्ठी आली. शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं चार त्रिक किती, आणि मुंगीने भर वर्गात उत्तर दिलं होतं, “राणी.” नर्सबाई ती चिठ्ठी घेऊन आल्या, रागावल्या होत्या, पण वाचता वाचता त्यांनाच हसू फुटलं. सतराबाई गंभीरपणे म्हणाल्या, “उत्तर बरोबर आहे. फक्त कपडे बदलायला हवेत.” त्या दिवसापासून चित्रांच्या कपाळावर पेन्सिलीने आकडे आले.

खेळताना बाईंची एक सवय होती. मुंगीने उत्तर दिलं की त्या लगेच काही बोलत नसत. दोन्ही पानं उचलायच्या, एकदा नजर टाकायच्या आणि मग म्हणायच्या, “बरोबर.” कारखान्यातल्या टेबलाशी बसून शिक्का मारताना जशा म्हणत असतील तशाच. त्या एका शब्दासाठी मुंगी श्वास रोखून बसायची. मीसुद्धा.

परीक्षेच्या नऊ दिवस आधी, बुधवारी, मुंगीने आम्हा दोघांना मिळून धुतलं. सहाला नर्सबाई न्यायला आल्या तेव्हा तिच्यासमोर पानांचा ढीग होता. नर्सबाईंचा आनंद मावेना. “मावशी, सुटलात तुम्ही! परीक्षा झाली की सोमवारपासून ही खेळाच्या वर्गात. लंगडी, धावणं, काय काय आहे तिथे.”

“आजी, मी सगळ्यांत जोरात पळते,” मुंगी म्हणाली. “तू बघितलं नाहीस कधी.”

“जिन्यात ऐकते की,” बाई म्हणाल्या.

त्या दोघी वर गेल्या. मी खुर्च्या सरळ केल्या. बाई पानं एकत्र करत होत्या. एकतीस वर्षं ज्या हातांतून एक पान निसटलं नव्हतं, त्या हातांतून चार पानं खाली पडली. मी वाकून उचलून दिली. परीक्षेनंतर माझे बुधवार पुन्हा रिकामे होणार होते, हा हिशोब माझ्याही डोक्यात झालेला होता.

पुढच्या बुधवारी, म्हणजे परीक्षेच्या दोन दिवस आधी, ते घडलं. मुंगीचं लक्ष खिडकीकडे होतं. खाली कुणीतरी चेंडू आपटत होतं. बाईंनी इस्पिकची अठ्ठी उलटली, मी चौकटची सत्ती. मुंगीने घाईघाईने म्हटलं, “अठ्ठेचाळीस!”

बाईंनी पानं उचलली. नजर टाकली. आणि म्हणाल्या, “बरोबर.”

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. दोन्ही पानं मुंगीच्या ढिगावर ठेवली, नीट, कडेला कड लावून. माझ्या जिभेवर ‘छप्पन्न’ आलं होतं. ते मी गिळलं. इतकी वर्षं मालाची नोंद करतोय. डोळ्यांसमोर चुकीचा नग पुढे जातोय आणि आपण गप्प आहोत, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी अठ्ठी आणि सत्ती आणखी दोनदा एकत्र आल्या. मुंगी आता न अडखळता म्हणाली, “अठ्ठेचाळीस.” आजीचा शिक्का बसलेला होता, तिने कशाला विचार करावा? दोन्ही वेळा बाईंनी पानं तिच्याकडे सरकवली. ‘बरोबर’ मात्र म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी कामावर जाताना मी फाटकाजवळ थांबलो. फळ्यावर नऊ नंबरची चिठ्ठी होती, कडा वाऱ्याने उडत होती. मी ती उगाच वाचली. दिवसभर खोक्यांवरचे आकडे दोनदा तपासले.

साडेपाचला घरी आलो तर बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या, बाहेर जायची साडी नेसून, चपला घालून.

“भाऊ, माझी चिठ्ठी लागली,” त्या म्हणाल्या.

मी काही न कळल्यासारखं केलं नाही. “काल लागली,” म्हणालो.

“तुम्ही बघितलं होतंत.”

“हो.”

“बोलला नाहीत.”

“नाही.”

बाईंनी जिन्यावरून वर पाहिलं.

“आज पोर आलीच नाही,” बाई म्हणाल्या. “आईला सुट्टी आहे. चारपासून वाट बघतेय. उद्या सकाळी परीक्षा. उद्या तिला आठ सत्ते विचारलं की ती छातीठोकपणे चूक सांगणार, आणि विचारलं की कुणी शिकवलं, तर माझं नाव घेणार.”

“मी जाऊन सांगतो वर. तुमचे गुडघे...”

“सतरा नंबरने पास केलेलं दुसऱ्या नंबरने परत घ्यायचं असतं का हो?”

मी घरातून घडीची खुर्ची आणली. बाई कठडा धरून चढत होत्या आणि प्रत्येक वळणावर मी खुर्ची उघडत होतो. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीबुवा दार उघडून म्हणाले, “काय, वरात कुठे निघाली?” बाई खुर्चीत बसल्या-बसल्या म्हणाल्या, “माल परत घ्यायला.” शिंपीबुवांनी मान हलवली, जणू काही त्यांना सगळं कळलं. या इमारतीत राहायला आल्यापासून बाई पहिल्यांदाच चौथ्या मजल्यावर येत होत्या.

दार मुंगीनेच उघडलं. “आजी! तू वर कशी आलीस?”

“चालत. टेबल कुठाय?”

बाईंनी पदराखालून पानं काढली. सात अठ्ठ्या, घरातल्या जुन्या-नव्या कॅटमधून वेचून आणलेल्या. त्या त्यांनी दाराजवळच्या लहान टेबलावर एकाखाली एक मांडल्या. “मोज. कोपरा बघू नकोस. पोट मोज.”

मुंगी बोट ठेवून मोजायला लागली. नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या आणि उभ्या राहिल्या. मुंगी चाळीसला पोचली, अठ्ठेचाळीसला पोचली आणि थांबली. एक पान उरलं होतं. तिने बाईंकडे पाहिलं, मग उरलेले आठ मोजले. “छप्पन्न.”

“छप्पन्न.”

“पण काल मी अठ्ठेचाळीस म्हटलं. तू बरोबर म्हणालीस.”

“खोटं बोलले.”

मुंगीला पहिल्यांदाच मी जागच्या जागी उभं राहिलेलं पाहिलं. “का?”

बाईंनी पानं गोळा करायला घेतली. “तू पास झालीस की खाली पळायला जाशील. माझ्याकडे येणार नाहीस. म्हणून.”

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी घडीच्या खुर्चीकडे बघत होतो.

“मी येईन ना,” मुंगी म्हणाली. “पळून झालं की येईन. रोज येईन, आजी.”

“बरं. आता सांग, आठ सत्ते?”

“छप्पन्न.”

“सात आठे?”

“तेच ना! छप्पन्न.”

बाईंनी पानं उचलली, नजर टाकली. “बरोबर.”

“मावशी, आत या ना, बसा थोडा वेळ,” नर्सबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता. रागाचा नव्हता, पण कालपर्यंत होता तसाही नव्हता. बाई म्हणाल्या, “नको, उतरायलाच वेळ लागेल.” आणि लागलाही.

मुंगी पास झाली, दहापैकी दहा. आठ सत्ते विचारलं होतं की नाही हे तिला आठवत नव्हतं. सोमवारपासून ती खेळाच्या वर्गात जायला लागली. त्या सोमवारी सहा वाजता ती धापा टाकत सतराबाईंकडे आली, अर्धा डाव खेळली आणि वर गेली. मंगळवारीही आली. बुधवारी येऊन दारातूनच म्हणाली, “आजी, आज खूप दमले.” त्यानंतर आठवड्यातून एकदा, मग एकदाही नाही. तिने काही वाईट केलं नाही. आठ वर्षांच्या पोरीने रोज म्हटलं तर त्यातला रोज किती दिवसांचा, हे आम्हा दोघांनाही समजण्याइतकं आमचं वय झालेलं आहे.

मी बुधवारी जातो. दोघांत गुणाकाराचा खेळ रंगत नाही. बाई उत्तर आधी सांगतात आणि मला कळतं की त्या माझ्यासाठी क्षणभर थांबूनही आधीच सांगतायत. मग आम्ही चोरटी मंडळी मिसळून एकमेकांना पकडायला देतो. ती सगळी पानं आता मला तोंडपाठ झाली आहेत. उरलेल्या दिवशी भिंतीपलीकडून एकेक पान ठेवल्याचा आवाज येतो आणि थोड्या वेळाने पिसल्याचा.

एक बदल झाला आहे. सहाच्या सुमाराला बाई दार किलकिलं ठेवतात. खालून पावलं येतात, दोन-दोन पायऱ्या ओलांडत. ती दुसऱ्या मजल्यावर आली की बाई खुर्चीतूनच विचारतात, “आठ सत्ते?”

“छप्पन्न!” पावलं थांबत नाहीत.

बाई समोरची दोन पानं उचलतात, कुठली का असेनात, बघतात आणि म्हणतात, “बरोबर.” तोवर पावलं तिसऱ्या मजल्याच्या वर गेलेली असतात. मग बाई उठून दार लावून घेतात.